स्नेअरवरचं पाकीट

अकरा हजारांत आणला हा संच
कळंगुटच्या बंद पडलेल्या हॉटेलातून,
टेम्पोत, कांद्यांच्या गोणींवर.
बेस ड्रमवर मागच्या बँडचं नाव होतं.
खरवडलं, तर खाली आणखी एकाचं.

शिरोड्याला मिठागरांपासून दोन हाकांवर माझी खोली.
खारा वारा आधी स्क्रू खातो,
मग स्टँडचे पाय,
म्हणून दर रविवारी, बाजारात जाण्याआधी,
एकेका स्क्रूला खोबरेल.
बेस ड्रमच्या पोटात आईची जुनी वाकळ,
स्नेअरवर माझं पाकीट, फार खणखणू नये म्हणून.
सुपारीचे पैसे आले की आवाज बसतो,
महिनाअखेरीस मोकळा होतो.
हे मी विनोद म्हणून सांगत नाही.

पहिल्याच लग्नात आचारी बाहेर आला,
म्हणाला, टोप कोणी पाडला?

पुनाजी मेस्त्री तिथेच जेवत होता,
उभा जन्म पखवाज मढवण्यात गेलेला.
तेव्हा काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी आला, चावी मागितली.
"प्लास्टिकाची काय ही पुडी? बरी. भिजत नाय.
पण रुसता."
प्रत्येक स्क्रूपाशी एक टिचकी,
कान इतका जवळ
की वाटावं, आजारी पोराचं पोट तपासतोय.
"समोरासमोरचे आवळ. शेजारचे आवळलंस
तर तिरकी बसता, मगे नुसती रडता."
फ्लोअर टॉमची घुम काही केल्या थांबेना.
त्याने माझ्या बायकोकडे कणीक मागितली,
लिंबाएवढी, आणि कडेला दाबून बसवली.
घुम शहाणी झाली.
"पखवाजाक लावतत,
ह्येका कित्याक नको?"

मग आरोंद्याचं लग्न.
एका मांडवात दोन बँड, दोन घरांनी दोन सांगितलेले.
सावंतवाडीचा इनास डिमेलो
एक लाख ऐंशी हजारांचा संच घेऊन आला,
मेपलचा, मधाच्या रंगाचा,
खोक्यातून निघाला तसाच मांडलेला.
खाडीवरून दमट वारा, रात्रीचे नऊ,
आणि तो आवाज,
दुसऱ्याच्या सोफ्यावर टेकून बसल्यासारखा, संकोचलेला.
पुनाजीने चावी मागितली.
इनास म्हणाला, वॉरंटी जाईल.
पुनाजी म्हणाला, जाऊं दे, चाय पी.

दहा मिनिटं.
पैशाने काही मिळत नाही असं मी म्हणणार नाही.
मी वाजवलाय तो, इनासने वाजवू दिला.
एका फटक्यात लाकूड बोललं,
आणि थांब म्हटल्यावर थांबलं.
माझा संच थांब म्हटल्यावर
आधी कारण विचारतो.

नवरीचा बाप, लॉन्चवाला केळुसकर, म्हणाला,
"माका छातीत धडधडूक व्हया, बाकी काय नको."
नवऱ्याचा भाऊ म्हणाला, कोरडा पाहिजे,
मोबाइलमध्ये ऐकतो तसा.
केळुसकराची आत्या द्वारकाबाय
मंचाकडे पाठ करून विड्यांची पानं पुसत होती.
किंमत तिला कोणी सांगितली नव्हती.
म्हणाली, "तो फुटको बरो वाजता."

फुटका म्हणजे माझा फ्लोअर टॉम,
तारेने बांधलेली चीर, कडेला वाळली कणीक.

"होडी रेवयेक लागता तेवा असोच आवाज येयचो.
चुलीकडे बसान माका समाजायचा,
घो इलो."

पान पुसता पुसता म्हणाली. पुढचं पान घेतलं.
केळुसकर गप्प झाला, मग म्हणाला,
दोन्ही वाजवा रे.

पहाटे सामान भरताना पुनाजीने
कणीक खरवडून कागदात बांधली.
मुंगे लागतत, म्हणाला.

म्हापशाला गेलो की अजून त्या दुकानात जातो.
मालक ओळखतो,
मला बघून किमतीची चिठ्ठी उलटी करतो.
मी खिशातून पाकीट काढतो,
मेपलच्या स्नेअरवर ठेवतो, कडेला,
आणि बोटाने एकदा, हळू,
गिऱ्हाईक नसेल तर दोनदा.